नॉर्मल म्हणून ठेवलेलं रक्त

“मॅडम, नॉर्मलच चुकलंय,” संस्कृती म्हणाली, आणि उत्कर्षानं मान वर न करता “मग परत कर” म्हणून टाकलं. एप्रिलातली दुपार, सोलापूरचं ऊन, टेबलावर कुठल्याशा कमिटीच्या फायलींचा ढीग आणि त्यात एम.एस्सी.च्या मुलींचे प्रोजेक्ट. रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी चुकायचंच. कुणी मीठ दुप्पट घालायचं, कुणी मशीन चालू ठेवून घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी साळसूदपणे विचारायचं, मॅडम, रिझल्ट का नाही आला. पण संस्कृती त्यातली नव्हती. ती शहाणी मुलगी होती, आणि म्हणूनच ती टेबलापाशी तशीच उभी राहिली, हातात फोटो घेऊन. बत्तीस माणसांच्या गालातून कापसानं घेतलेले नमुने, त्यांतलं एकच जनुक, त्याची लांबी मोजायची, एवढाच तिचा प्रोजेक्ट. मोजायला माप लागतं, म्हणून पहिल्या रकान्यात एका धडधाकट माणसाचं डीएनए लावायचं. ते फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात कायम असायचं, झाकणावर ‘एन’ लिहिलेल्या नळीत. एन म्हणजे नॉर्मल.

फोटोत बत्तीस रकान्यांच्या पट्ट्या एका ओळीत होत्या, प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारख्या. पहिल्या रकान्यात मात्र एक पट्टी ओळीत आणि दुसरी तिच्यापासून चांगली दोन बोटं वर, म्हणजे तेवढी लांब. “भेसळ झाली असणार,” फोटो हातात घेत उत्कर्षा म्हणाली. “तुझ्या पिपेटला काहीतरी लागलं असेल. सगळं नवीन घे, नवीन पाणी, नवीन टिप्स.” बोलता बोलता तिला दिसलं की फोटोचा कोपरा हलतोय. पंख्यानं, असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात लाईट गेली. पंखा कुरकुरत थांबला. बाहेर कुणीतरी “गेली बे लाईट” म्हणून ओरडलं. खोलीत वारं म्हणून नव्हतं, आणि कागद हलतच होता. तिनं तो टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात ठेवला, जसं काही तो उडून जाणार होता.

संस्कृतीला माहीत नव्हतं की ‘एन’ कोण. तिनं विचारलंही नव्हतं. पण प्रयोगशाळेत शिपाई म्हणून अकरा वर्षं काढलेल्या सिद्धारामला माहीत होतं, कारण त्यानंच समोरच्या रक्ततपासणीवाल्या बाईला बोलावून आणलं होतं. तेव्हा ही प्रयोगशाळा म्हणजे एक फ्रीज, एक मशीन आणि भिंतीवरचा ओल आलेला चार्ट. निरोगी नमुना विकत घ्यायला कोण पैसे देणार? उत्कर्षानं बाही वर केली होती आणि म्हणाली होती, “घ्या माझंच. माझ्यापेक्षा नॉर्मल कोण मिळणार तुम्हांला?” सगळे हसले होते. पुण्याला तिचे गाईडही असंच करायचे. जगातल्या अर्ध्या प्रयोगशाळा असंच करतात. हाताशी असतं ते आपलंच रक्त, आणि शिकवणाऱ्या माणसाला आपण नॉर्मल आहोत याची खात्री जरा जास्तच असते. दर दोन वर्षांनी ती ताजं रक्त द्यायची, आणि मुलांच्या अकरा तुकड्यांनी तिच्यावरून जग मोजलं. पण आजवर मोजलेली जनुकं वेगळी होती. हे जनुक या वर्षी पहिल्यांदाच लावलं, तेही तिनंच सुचवलेलं, कारण याच्यावर तिनं पुण्यात पाच वर्षं घालवली होती. म्हणजे जनुकावर नव्हे, त्याच्यापासून बनणाऱ्या प्रथिनावर.

ते प्रथिन तिला सासरच्या माणसासारखं माहीत होतं. त्याच्या सगळ्या खोडी, सगळं गोत. पेशीतल्या प्रथिनांवर फॉस्फेटच्या खुणा चिकटवल्या जातात आणि काढल्या जातात. खूण लागली की काम सुरू, निघाली की बंद, किंवा उलट. खुणा काढणारं जे मोठं यंत्र, फॉस्फटेज, ते तीन भागांचं असतं. हे मुलांच्या डोक्यात शिरावं म्हणून ती दर वर्षी तोच दाखला द्यायची. समजा, युनिफॉर्म शिवणारा कारखाना आहे. एक भाग म्हणजे टेबल, ज्याच्यावर सगळं मांडायचं. दुसरा म्हणजे कात्री, कापण्याचं काम तिचं. आणि तिसरा भाग म्हणजे कटिंग मास्तर. टेबल तेच, कात्री तीच, पण कुठं चालवायची आणि कुठं नाही हे मास्तर ठरवतो. हे मास्तर पुष्कळ असतात. हृदयाच्या स्नायूत एक, पेशीनं वाटेल तशी वाढून गाठ करू नये म्हणून राखण करणारा दुसरा, म्हातारपणी मेंदूत साचणाऱ्या गाळावर लक्ष ठेवणारा तिसरा. हा आपला मास्तर मेंदूतला. पोरं माना डोलवायची. सोलापुरात युनिफॉर्मचा कारखाना कुणाच्या ना कुणाच्या गल्लीत असतोच. मॅडमना हा दाखला कुठून सुचला, हे कुणी कधी विचारलं नाही, आणि आपले वडील अशाच एका कारखान्यात कटिंग मास्तर होते हे तिनं कधी सांगितलं नाही.

दोन दिवस तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. नवरा अभिमन्यू लातूरला बँकेत, शनिवारी यायचा. फोनवर तो रविवारचंच बोलत होता. रविवारी मोडनिंबहून पाहुणे येणार होते, ऋतुराजचे आईवडील. ऋतुराज आणि उत्कर्षाची लेक साक्षी पुण्यात एकाच ऑफिसात, त्यांचं आपापलं केव्हाच ठरलं होतं. आता मोठ्यांनी एकमेकांच्या घरी पोहे खाऊन ते आपणच ठरवलं असं म्हणायचं, एवढंच उरलं होतं. “त्याची आई फार चौकशा करते म्हणे,” अभिमन्यू म्हणाला. “घरात कुणाला शुगर, कुणाला बीपी, सगळं विचारते.” उत्कर्षा “हं” म्हणाली. त्या वेळी ती कपात चहा ओतत होती आणि किटलीची तोटी कपाच्या काठावर टिकटिक वाजत होती. हाताचं हे वर्षभर चाललं होतं. आधी तिनं थायरॉईड तपासला, तो ठीक निघाला. मग तिनं वय म्हटलं, मग झोप, मग स्टाफ मीटिंग. पिपेटचं टोक नळीच्या काठाला लागायला लागलं तेव्हा तिनं ते काम मुलींकडे सोपवलं आणि त्याला मुलींना संधी देणं असं नाव दिलं. सिद्धारामनं एकदा म्हटलं होतं, “काय वो मॅडम, चहा लई व्हायलाय का तुमचा? हात हालायलाय बघा.” त्याच्यावर ती उगाचच खेकसली होती. बिचारा दोन दिवस घुम्यासारखा वावरला.

गुरुवारी तिनं स्वतः प्रयोग लावला. संस्कृतीला ग्रंथालयात पाठवलं, दार लोटून घेतलं, नवीन सुई काढली, बोट टोचलं. नळीत थेंब सोडताना उजव्या हाताला डाव्या हाताचा टेकू द्यावा लागला. मशीन अडीच तास चालतं. त्या अडीच तासांत माणसानं काय करायचं? तिनं आपला प्रबंध कपाटातून काढला. निळं पुठ्ठ्याचं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. तिसऱ्या पानावर तिनंच लिहिलं होतं. या जनुकाच्या सुरुवातीला सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत दहा-पंधरा वेळा. काही मोजक्या घराण्यांत ती पन्नास-साठ वेळा येतात, आणि तशा माणसांना साधारण चाळिशीनंतर हाताला कंप सुटतो, काही धरायला गेलं की वाढतो. मग मान हलू लागते, पुढे चालताना तोल जातो. आयुष्य बहुधा कमी होत नाही. मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. आणि ही अक्षरं वाढल्यानं नेमकं काय बिघडतं, मास्तर जास्त होतात की वाट चुकतात, ‘हे अद्याप स्पष्ट नाही.’ हे वाक्य तिनं प्रबंधात सतरा ठिकाणी लिहिलं होतं. परीक्षकांनी त्याबद्दल तिचं कौतुक केलं होतं, की मुलीला आपल्या अज्ञानाची जाणीव आहे. आता ते वाचताना तिचं बोट एका ओळीवर थांबलं. चाळिशीनंतर हाताला कंप. हे वाक्य तिनं दोन हजार सहा साली लिहिलं. त्या वेळी दादा, म्हणजे तिचे वडील, जिवंत होते. सांगोल्याला आत्याच्या घरी, दोन्ही हातांनी पेला धरून पाणी पीत होते. आणि तिला ते दिसलं नव्हतं. दिसणार कसं? दादा दारू पितात हे तिला वयाच्या दहाव्या वर्षापासून माहीत होतं.

ईश्वर सरवदे. बुधवार पेठेतल्या दोन खोल्यांत राहणारा, कानाला पेन्सिल, खिशात खडू, खाकी कापडाच्या चाळीस घड्या एकावर एक रचून एका दमात अर्ध्या चड्ड्यांची रेघ ओढणारा माणूस. त्यांची रेघ बघायला दुसऱ्या कारखान्यातले मास्तर यायचे, असं आई सांगायची, म्हणजे चांगल्या दिवसांत सांगायची. मग रेघ थरथरायला लागली. मे महिन्याच्या ऐन हंगामात निळ्या कापडाचं अख्खं ठाण तिरकं कापलं गेलं, मालकानं चारचौघांत त्यांच्या तोंडाचा वास घेतला, काही आला नाही तरी “पिऊन येतो” म्हणून हाकललं. गल्लीला तेवढं पुरेसं होतं. चाळिशीतल्या माणसाचे हात हलतात म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. संध्याकाळ झाली की आई म्हणायची, “जा गं, दादाच्या जवळ बसून ये.” ती जायची, मांडीवर बसायची, रिबीन बांधून द्या म्हणायची आणि वास घ्यायची. खडूचा वास, कापडाच्या खळीचा वास, तंबाखू आणि चुना. रिबिनीची गाठ मारायला दादांना फार वेळ लागायचा. तेवढ्यात शेजारच्या चन्नम्मा उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या. मग ती आत जाऊन आईला मान हलवून सांगायची, नाही. रोजचं काम होतं ते, पाणी भरण्यासारखं.

आणि मग शाळेतला तो दिवस. हा दिवस तिनं कुणाला सांगितला नव्हता, अभिमन्यूलासुद्धा नाही. स्कॉलरशिप मिळालेल्या मुलांच्या पालकांना हेडमास्तरांनी बोलावलं होतं. दादा इस्त्रीचा सदरा घालून आले. चहा दिला. दादांच्या हातातली बशी आधी वाजायला लागली, मग कप नाचायला लागला, मग सगळा चहा हेडमास्तरांच्या पांढऱ्या पँटवर. पोरी खिदळल्या. कुणीतरी अंगठा तोंडाशी नेऊन बाटली दाखवली. दादा खाली वाकून रुमालानं ती पँट पुसायला लागले, आणि पुसता पुसता डाग वाढतच गेला. त्या संध्याकाळी ती त्यांच्या मांडीवर बसली, नेहमीसारखा खडू आणि चुना, दुसरं काहीच नाही. आत गेली आणि आईला म्हणाली, “येतोय.” तेवढाच एक शब्द. आई भाकरी थापत राहिली. आठव्या दिवशी दादा पत्र्याची पेटी घेऊन सांगोल्याला बहिणीकडे गेले आणि परत आले नाहीत. दर वर्षी डाळिंबांचं एक खोकं यायचं, त्यावर तिचं नाव वेड्यावाकड्या अक्षरांत. दारुड्याचं अक्षर, असं म्हणून ती खोकं फोडायची. दोन हजार सातमध्ये ते शेळ्यांच्या गोठ्यापाशी पडले आणि गेले. ती पुण्याहून आली, मातीला उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली, कारण इनक्युबेटरमधल्या पेशींचं पाणी बदलायचं होतं. त्या पेशींत हेच प्रथिन होतं. हेच.

मशीन थांबलं. तिनं पट्ट्या पाडायला जेल लावलं, आणखी पाऊण तास, आणि मग काळ्या पडद्यामागे जाऊन बघितलं. एक पट्टी ओळीत. दुसरी दोन बोटं वर. भेसळ-बिसळ काही नव्हती. कॉलेजच्या जेलवरून कुणी रोग ठरवत नाही हे तिला कळत होतं. मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला हवं, न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला हवं, समुपदेशकाशी बोलायला हवं. हे सगळं ती मुलांना शिकवायची तसं तिनं स्वतःला शिकवलं, मुद्देसूद. पण गंमत अशी की भीती आधी स्वतःची वाटली नाही. भीती वाटली ती साक्षीची. निम्मी शक्यता. नाणं उडवून साक्षी. त्या पाठोपाठ दादा. दादा पीत नव्हते. हे तिच्या नाकाला पस्तीस वर्षं माहीत होतं आणि तरी तिला आत्ता कळत होतं. दार उघडून सिद्धाराम आत आला, तिच्याकडे बघून थबकला. “मॅडम, बरं न्हाय का वो? रिक्षा आणू?” ती म्हणाली, “आणा.” आणि रिक्षात बसल्यावर घरचा पत्ता सांगण्याऐवजी तिनं बुधवार पेठ सांगितली.

गल्लीत नळाला पाणी आलं होतं. पाच दिवसांनी आलं होतं, त्यामुळे सगळी गल्ली पाइपांनी भरलेली, बायकांची आरडाओरड, ओट्यांवरून ओघळ. तिची आई मीनाबाई बहात्तरीच्या, पण पाण्याच्या दिवशी त्यांच्या अंगात कुठून बळ यायचं कोण जाणे. मोरीजवळ पिंप, हंडे, कळशा, डेगा, घरातलं ज्यात म्हणून पाणी मावेल ते सगळं मांडून त्या नळापाशी उकिडव्या बसल्या होत्या. लेक दिसताच म्हणाल्या, “अगं, आज कशी काय? कालेज न्हाय व्हय? आलीस तर धर, ही कळशी आत नेऊन वत.” उत्कर्षानं कळशी उचलली. उंबऱ्यापर्यंत गेली तेवढ्यात पाणी हिंदकळलं, पायावर सांडलं, पुन्हा हिंदकळलं. तिनं दोन्ही हातांनी कळशी पोटाशी धरली. मीनाबाई बघत होत्या. पाइप एका हंड्यातून दुसऱ्या हंड्यात टाकायचा विसरून बघत होत्या, आणि हंडा भरून वाहायला लागला. मग त्या उठल्या, लेकीच्या हातातून कळशी काढून घेतली आणि खाली ठेवली. “कवापासनं?” त्यांनी विचारलं.

उत्कर्षाला वाटलं होतं की आपण सांगू, आई ऐकेल, रडेल. सांगायचं काय याची तिनं रिक्षात जुळवाजुळवही केली होती. प्रथिन नको, रक्तातला दोष म्हणू. पण ‘कवापासनं’ या एका प्रश्नानं तिचं सगळं भाषण कोलमडलं. “तुला माहीत होतं?” ती म्हणाली. मीनाबाई परत नळापाशी बसल्या, पाइप पुढच्या हंड्यात टाकला. “तुझा आज्जा तसाच हुता,” त्या म्हणाल्या. “त्याची बहीण तशीच. मान बी हालायची तिची, अशी. गावात म्हणायचे, सरवद्यांच्या घरावर कुणी तरी केलंय. त्या घरात पोरी द्यायचे न्हाईत, त्या घरातल्या पोरी करायचे न्हाईत. मला बी लगीन झाल्यावर कळलं. तुझ्या आत्याचं लगीन झालंच न्हाय, का झालं न्हाय तुला कधी सुदरलं न्हाय व्हय?”

“आई, मी खोटं बोलले होते,” उत्कर्षा म्हणाली. पाण्याच्या आवाजात आपला आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “शाळेत चहा सांडला त्या दिवशी. दादांच्या तोंडाला वास नव्हता. कधीच नव्हता. मी येतोय म्हणाले. माझ्यामुळं गेले ते.” तिला वाटलं, आता तरी आई हात उगारेल. पस्तीस वर्षं ती त्या हाताची वाट बघत होती. मीनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “म्हाईत हाय की,” त्या म्हणाल्या. “मी काय येडी हाय? रातीला शेजारी निजायची मी. मला वास येत न्हवता व्हय?”

“मग मला कशाला पाठवायचीस?”

“चन्नम्मा उंबऱ्यात असायची म्हणून,” मीनाबाई म्हणाल्या. “बाई पोटच्या पोरीला नवऱ्याचा वास घ्यायला लावती म्हणल्यावर खरंच पीत असंल, असं वाटाय पायजे हुतं. वाटलं बी. सगळ्या पेठंला वाटलं.” हंडा भरला, त्यांनी पाइप पुढं सरकवला. “आन् हे माझं डोस्कं न्हाय. त्येंचं. मालकानं काढलं त्या राती म्हणलं मला, मीने, दारूच सांग सगळ्यास्नी. दारुड्याच्या पोरीचं लगीन हुतं. लोक म्हणतेत, बापाचं पाप, पोरीचं काय? पर हे कळलं तर तुज्या दोन्ही लेकरांना कोण उभं करत न्हाय दारात. मी लई रडली. म्हणलं, पोरं थुंकतील तुमच्यावर. तर म्हणलं, थुंकू दे. तू येतोय म्हणलीस त्याच्या आदल्या महिन्यातच सांगोल्याला जायचं ठरलं हुतं त्येंचं. तुझ्या स्कॉलरशिपसाठी थांबलं हुतं फकस्त.”

उत्कर्षा ओल्या ओट्यावर बसली. साडी भिजली, तिच्या लक्षात आलं नाही. तिला दादा दिसत होते ते चहा पुसताना नव्हे. ते मांडीवर बसलेल्या तिच्या केसांत रिबीन बांधताना दिसत होते, आणि त्यांना माहीत होतं की ही वास घ्यायला आलीय. रोज माहीत होतं. आणि त्यांनी रोज तोंड थोडं पुढं केलं होतं, तिला सोपं जावं म्हणून. एवढं माहीत असून दर वर्षी डाळिंबं पाठवली. राग कुणाचा करायचा हे तिला कळेना. आईचा आला, भयंकर आला. दहा वर्षांच्या पोरीला तुम्ही दोघांनी मिळून काय करायला लावलंत, असं ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीही. “मला का नाही सांगितलंस? ते मेले तेव्हा तरी सांगायचंस! मी त्यांना धड बघितलं नाही गं. मी तोंड फिरवून उभी होते तिथं.” शेजारच्या दोन बायकांनी माना वळवल्या. मीनाबाई त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, “काय न्हाय, पाण्याचं चाललंय आमचं.” मग आवाज खाली आणून लेकीला म्हणाल्या, “राग राग कर माझा. पर तुझं लगीन झालं. चांगल्या घरात झालं. दिपक्याचं बी झालं. तू प्रोफेसर झालीस. त्येनी मागितलं त्येवढं झालं की सगळं.”

दिपक. धाकटा भाऊ, नाशिकला. त्याचीही दोन मुलं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकेक माणूस रकान्यात येऊन उभं राहत होतं.

“हे बघ,” मीनाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज अगदी कामाचा झाला, हळद किती आणि नारळ किती हे ठरवतानाचा. “साक्षीचे पाव्हणे येणार हायत न्हवं रविवारी? चहा तू न्यायचा न्हाय. साक्षीला न्यायला लाव. कुणी इचारलंच तर थायरॉईड सांग. आजकाल समद्यास्नी थायरॉईड असतो, कोण काय म्हणत न्हाय. दारूचं बाईला शोभत न्हाय म्हणून, न्हाय तर तेच सांगितलं असतं.” आणि त्या हसल्या. खरंच हसल्या, दात पडलेल्या तोंडानं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी ते नळाच्या पाण्याखाली धुऊन टाकलं.

थायरॉईड. किती सोपं होतं. उत्कर्षाला दिसलं की हे जमेल. अजून पाच-सहा वर्षं कुणाला शंकाही येणार नाही. तोवर साक्षीचं लग्न होईल, मूल होईल. ‘एन’ची नळी उद्या फेकून द्यायची, संस्कृतीला सांगायचं की नमुना खराब झाला होता. ती शहाणी आहे, मानेल. मग एक दिवस साक्षीचा कप वाजायला लागेल, आणि साक्षी तपासायला जाईल, तिचा थायरॉईड ठीक निघेल, मग ती वय म्हणेल, मग झोप म्हणेल. दादांनी दिलं ते दान होतं, त्यात कपट नव्हतं. त्या काळी त्यांच्याजवळ द्यायला दुसरं काहीच नव्हतं, रोगाला नाव नव्हतं, तपासणी नव्हती, फक्त एक खोटं होतं आणि ते त्यांनी अंगावर घेतलं. पण जिच्यासाठी दिलं ती पोर आता पस्तीस वर्षं बापापासून तोंड फिरवून उभी होती. साक्षीनं कुणापासून तोंड फिरवायचं? आणि ऋतुराज सोडून गेला तर? त्याची आई उठून गेली तर? साक्षीनं उद्या म्हटलं, मम्मी, तू गप्प राहिली असतीस तर? मास्तर वाट का चुकतो हे अद्याप स्पष्ट नव्हतं, आणि हेही नव्हतं. तिनं पर्समधून फोन काढला. साक्षीचं नाव शोधायला अंगठा तीनदा घसरला.

“नगं,” मीनाबाई म्हणाल्या. “उत्के, ऐक माझं. सोमवारी सांग. रविवार जाऊ दे.”

फोन लागला होता. पलीकडं ऑफिसातला गलका, आणि साक्षीचा घाईतला आवाज, “हां मम्मी, बोल. साडी कुठली नेसू याच्यासाठी असेल तर संध्याकाळी करते मी. मम्मी? ऐकू येत नाहीये गं, पाण्याचा केवढा आवाज येतोय. आजीकडं आहेस का?”

उत्कर्षानं फोन कानाशी घट्ट धरला. दोन पिंपं अजून रिकामी होती. आता पाणी पुन्हा पाच दिवसांनी येणार होतं. मीनाबाईंनी लेकीकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि नळ बंद केला.

“आता येतंय ऐकू,” साक्षी म्हणाली. “काय झालं?”

“साक्षी,” उत्कर्षा म्हणाली, “तुझे आजोबा दारू पीत नव्हते.”